एका तोंडापुरता कागद

सुलूआक्का नेमकं काय करायची, हे मला कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. नायगावच्या बीडीडी चाळीत तिची खोली आमच्या बरोबर समोर. मधे लांबलचक पॅसेज आणि त्यात दोन्ही घरांच्या चपला. मी जन्मलो तेव्हापासून ती समोर होती, आणि मी जन्मलो त्याला आता अठ्ठावन्न वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माणूस समजायला नको? नाही समजला. तिने मला निदान पन्नास वेळा सगळं नीट सांगितलं असेल, मी पन्नास वेळा मान डोलावली असेल, आणि घरी येऊन शुभाला, म्हणजे माझ्या बायकोला, तेच सांगायला गेलो की तिसऱ्या वाक्याला अडकायचो. शुभा म्हणायची, "तू तिथे चहा प्यायला जातोस, दुसरं काय." तेही खोटं नव्हतं.

तर जेवढं कळलं तेवढं सांगतो. सुलूआक्का फोटो छापायचा कागद घरी बनवायची. फोटो नव्हे, कागद. काळा-पांढरा फोटो ज्याच्यावर उमटतो तो कोरा कागद. "दुकानात मिळतो की गं," मी एकदा म्हणालो होतो. तिने माझ्याकडे नखशिखांत बघितलं आणि म्हणाली, "डाळभातही मिळतो दुकानात. तुझी बायको का करते मग घरी?" आता बोला!

तिने लग्न केलं नव्हतं. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे खात्याच्या डार्करूममध्ये तिने पस्तीस वर्षं काढली. अंधारात फिल्म धुवायची, वाळवायची, बाहेर पाठवायची. पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि ती रिटायर झाली, पण अंधार काही तिच्या अंगातून गेला नाही. ठेंगणी, रुंद बांध्याची बाई, खांद्यावर कायम टॉवेल, पायात रबरी सपाता. भर दुपारी पॅसेजमधून चालतानाही डावा हात जरासा पुढे धरून चालायची, कुठे धडकेन म्हणून. आणि कुठलंही दार उघडायच्या आधी थांबून विचारायची, "उघडू? आत काय उघडं नाय ना?" डार्करूमचं दार मधेच उघडलं तर आतल्या सगळ्या फिल्म वाया, त्याची ती सवय. पण आमच्या घरी आली की फ्रीज उघडायच्या आधीसुद्धा विचारायची. शुभा आतून ओरडायची, "फक्त भेंडी आहे, उघडा!"

घड्याळ तिने कधी वापरलं नाही. सगळं मोजून. चहा दोनशे दहावर उतरवायची. बोलता बोलता मोजायची, तोंडाने आपल्याशी गप्पा चालू आणि ओठांच्या कोपऱ्यात आकडे चालू. मधेच एखादा आकडा मोठ्याने निसटायचा. मी म्हणायचो, "सोसायटीची मीटिंग कधी गं?" ती म्हणायची, "रविवारी, एकशे चौसष्ट." नवा माणूस चक्रावून जायचा.

कागदाचं काम दुपारी चालायचं, पुरुषमाणसं कामावर आणि नळ मोकळा असताना. खिडकीला काळं रेक्झिन, दाराच्या फटीत गोधडी, वर लाल बल्ब. एका पातेल्यात पाणी गरम, त्यात दुसरं पातेलं, त्यात जिलेटिन आणि एक मीठ. पाणीही साधं नाही, गाडीच्या बॅटरीत घालतात ते. मग त्यात चांदीचं पाणी ओतायचं, ज्याला ती नायट्रेट म्हणायची. पाण्यासारखं पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं व्हायचं. ते शिजवायचं, मग रसवंतीवाल्याकडच्या बर्फात ठेवून गार करायचं, की खरवसासारखं थिजायचं. इथपर्यंत मला समजतं. इथून पुढे माझी गाडी रुळावरून उतरते. कारण मग ती तो खरवस सोऱ्यातून दाबायची, त्याच्या शेवया पाडायची, त्या शेवया गार पाण्यात चारचारदा धुवायची, आणि धुतलेल्या शेवया पुन्हा वितळवून पुन्हा शिजवायची. अगं, मग पाडल्या कशाला? "नको असलेलं मीठ पाण्यात निघून जातं. सबंध गोळा धुतला तर आतलं कसं निघणार?" बरं. मान डोलावली. मग ते कोमट असताना रुंद ब्रशने कागदावर सारखं पसरायचं आणि कागद अंधारातच दोरीवर वाळत घालायचे. हाताला लागलेलं चांदीचं पाणी आधी दिसायचं नाही. उन्हात आली की तासाभराने बोटं काळी पडायची. मग हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, आक्का, मेंदी बिघडली का? ती म्हणायची, "होय गो. पस्तीस वर्षां बिघडलीय."

बोलायची आपल्यासारखंच, मुंबईचं. पण चिडली की, किंवा आतून हलली की, मालवणीत शिरायची.

सोऱ्याची गोष्ट सांगतो. तिचा स्वतःचा प्लास्टिकचा साचा होता, तो एक दिवस फुटला. ती आमच्या दारात आली, "शुभा, सोऱ्या आहे काय गो?" दिवाळी लांब होती, पण विचारणार कोण. शुभाने मोठ्या मनाने माझ्या आईचा पितळी सोऱ्या काढला. चिंचेने घासून सोन्यासारखा लखलखीत केला आणि दिला. आक्काने शेवया पाडल्या. कागद झाले, वाळले. त्यावर छापायला गेली तर सगळे राखाडी. दिवा दाखवला नाही तरी राखाडी. पुन्हा केलं, पुन्हा राखाडी. महिनाभर बाई वेडीपिशी. बल्ब बदलला, जिलेटिन बदललं, बॅटरीचं पाणी दुसऱ्या गॅरेजातून आणलं, कागदही बदलला. माझ्यावरसुद्धा संशय घेतला, मी म्हणे दाराच्या फटीतून डोकावतो. मी कशाला डोकावू? आत बघण्यासारखं लाल अंधाराशिवाय होतं काय?

मग एका दुपारी ती आमच्याकडे आली तेव्हा शुभा नेमकी त्याच सोऱ्यातून शेव गाळत होती. आक्का दारात थबकली. सोऱ्याकडे बघत राहिली. मग स्वतःच्या कपाळावर हाणून घेतलं. "पितळ! अगो, पितळ! तांबा असता त्यात. एवढासा लागला तरी चांदी बिघाडता." पस्तीस वर्षं ज्या बाईने ट्रेमध्ये लोखंडाचा चिमटा बुडू दिला नाही, तिला सोऱ्या दिसलाच नव्हता, कारण तो स्वयंपाकाचा होता. शुभा बिचारी रडवेली झाली. आक्का म्हणाली, "तुझ्या सोऱ्याचो दोष नाय गो, माझ्या अकलेचो." आणि तिथे बसून वाटीभर शेव खाल्ली. शुभाला मात्र तेव्हा दुसराच प्रश्न पडला. "आक्का, ते जिलेटिन कशाचं असतं हो?" आक्काने खरं सांगितलं, जनावरांच्या हाडांचं. शुभाने त्या चतुर्थीला बाजारची शेव आणली.

हे सगळं कशासाठी, ते मला फार उशिरा कळलं. कळलं म्हणजे तिने सांगितलं.

तिची आई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. सुलू पाच वर्षांची असताना आई गेली, पुढे आत्याने वाढवलं. आईचा एकच फोटो, गिरणीतल्या नऊ बायकांचा, कसल्याशा बक्षिसाच्या वेळी काढलेला. आठजणी उन्हात उभ्या, अगदी स्पष्ट, नाकातल्या नथी मोजून घ्याव्यात अशा. नववी कडेला शेडच्या सावलीत, डोक्यावर पदर. पदराच्या आत काळं. तोंडाच्या जागी नुसता काळा डाग. ती आई. दुसरा फोटो नाही, आणि तिला पाहिलेलं चाळीत आता कुणी उरलं नव्हतं. आत्या असताना कधी म्हणायची गोरी होती, कधी म्हणायची सावळी होती. आक्काला आईचा हात आठवायचा, कापसाच्या तुसाने भरलेला पदर आठवायचा, तोंड आठवत नव्हतं. लालबागच्या ज्या स्टुडिओने तो फोटो काढला होता, त्याने दुकान बंद करताना हिच्या हट्टापायी जुने खोके उपसले आणि मूळ निगेटिव्ह काढून दिली. पोस्टकार्डाएवढी फिल्म. तेव्हापासून आक्काला एकच हवं होतं. मरायच्या आत आपल्या आईचं तोंड बघायचं होतं.

ती निगेटिव्ह आक्का दिव्यासमोर धरून मला दाखवायची. "बघ. आहे. सावलीतपण थोडा उजेड लागलेला असतो. नाक दिसतंय बघ." मी डोळे फाडून बघायचो. करंगळीच्या नखाएवढी जागा, तिथे काचेसारखं स्वच्छ. मला ना नाक दिसलं ना कान. पण ती इतक्या खात्रीने बोलायची की मी "हो हो, दिसतंय जरासं" म्हणायचो. "खोटारडो," ती म्हणायची.

बाजारच्या कागदांवर तिने बक्कळ करून बघितलं होतं. तिचं म्हणणं असं, की बाजारचा कागद सगळ्या जगासाठी केलेला असतो. मला एका तोंडापुरता हवाय. बाकीच्या आठजणी पांढऱ्याफटक पडल्या तरी चालतील. चांदीचं पाणी हळू ओतलं की कागद मऊ होतो, भराभर ओतलं की कडक होतो, म्हणजे काळ्या-काळ्यातला जरासा फरकही ठळक दाखवतो, आणि तिला कुणी केला नसेल इतका कडक हवा होता. किती भराभर? हेच तिला सापडत नव्हतं. कडक करायला गेली की डाग पडायचे, डाग घालवायला गेली की मऊ व्हायचा. वर्षानुवर्षं हा खेळ.

आता माझा पराक्रम ऐका. सोऱ्याच्या भानगडीनंतर ती अगदी खचलेली. मला वाईट वाटलं. माझी मुलगी तन्वी म्हणाली, बाबा, एवढंच ना, मोबाइलवर होतं आता. तिने त्या जुन्या फोटोचा फोटो घेतला, कुठल्याशा ॲपमध्ये टाकला, आणि मिनिटभरात काळ्या डागाच्या जागी एक बाई आली. मोठाले डोळे, चाफेकळी नाक, मंद हसू. मी म्हणालो, वा! आम्ही तो मोठा करून, फ्रेम करून आक्काला दिला. अख्खा मजला तिच्या खोलीत लोटला. "आक्का, सेम तू गं!" "हनुवटी बघ, हनुवटी!" आक्काने फ्रेम भिंतीवर लावली, हार घातला. रोज संध्याकाळी दिवा लावायची. मला कोण धन्य वाटत होतं.

पंधरावीस दिवसांनी ती आमच्या दारात आली, फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "ही घेऊन ठेव."

"का गं? काय झालं?"

"अरू, ही कोण आहे?"

"म्हणजे? तुझी आई."

"मशीनला कसं ठाऊक? सावलीत काय होतं ते मशीनने बघितलंच नाय. जागा रिकामी दिसली, तिथे एक बाई बसवली." मग मालवणीत शिरली. "माका आयचा तोंड आठवत नव्हता, ता बरा होता. जागा मोकळी होती. आता डोळे मिटले की हीच येता. आयचो हात येता आणि त्याच्या वर ह्या बाईचा तोंड. काढूक गेलंय तर जाणा नाय."

मला तर अजूनही त्या फोटोत वाईट काय ते कळत नव्हतं. चांगली होती की बाई दिसायला. पण आक्काचा आवाज असा होता की मी फ्रेम घेतली आणि माळ्यावर टाकली.

त्यानंतर तिने स्वतःला कामाला जुंपून घेतलं. आणि त्याच सुमारास चाळ रिकामी करायची नोटीस आली. आमच्या इमारती पाडून टॉवर व्हायचे, तोवर जो तो भाड्याच्या जागेत. आक्काने कॉटन ग्रीनला एका लांबच्या भाच्याच्या ओळखीने खोली बघितली, तर तिथे शेजारच्या पोटमाळ्यावरचा उजेड आत येतो, आणि घरमालकाने भिंतीला खिळा मारायचाही नाही म्हणून सांगितलेलं. काय व्हायचं ते इथेच व्हायला हवं होतं, आणि नायट्रेटची तिच्याकडे शेवटची बाटली होती.

नोटिशीनंतर घरोघरच्या माणसांचे अंगठे घ्यायला माणसं आली. खाली टेबल, त्यावर ते ठसे घ्यायचं यंत्र. आक्काची पाळी आली. अंगठा ठेवला, यंत्र म्हणालं नाही. पुसून ठेवला, नाही. दहाच्या दहा बोटं झाली, एकही ठसा उठेना. पस्तीस वर्षं औषधात हात बुडवून बोटांवरच्या रेघाच गेलेल्या. टेबलावरचा पोरगेला माणूस घाबरून म्हणाला, "आजी, हे म्हणतंय की तुम्ही नाहीच." मागच्या रांगेत हशा पिकला. आक्काही हसली. पण पॅसेजमधून परत येताना मला म्हणाली, "अरू, बघ रे, सगळी यंत्रं माझ्याच घराण्याच्या मागे लागलीत." शेवटी डोळ्यांवरून तिची नोंद झाली. ती त्यातही भुवया उडवून विचारत होती, "उघडू?"

खोली सोडायला सहा दिवस उरले होते. मी रजा काढून सामान बांधत होतो, तेवढ्यात ती आली. "चल. एक माणूस पायजे बघायला. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाय."

तिच्या खोलीत सगळं बांधून झालेलं, मधोमध फक्त तीन ट्रे आणि लाल बल्ब. आदल्या दिवशी तिने शेवटची बाटली एका दमात ओतली होती, म्हणाली, भिऊन ओतत होते इतकी वर्षं म्हणून होत नव्हतं. तिने कागदावर निगेटिव्ह ठेवली, वर काच दाबली, पांढरा दिवा लावला, तोंडाने सहा मोजले, दिवा बंद. कागद पहिल्या ट्रेमध्ये सोडला. मी वाकून बघत होतो. काहीच नाही. मग कोपऱ्यात शेडची कड आली. जिथे उन्हातल्या आठ बायका उभ्या असायच्या तिथे नुसतं पांढरं, कागदात आठ भोकं पडल्यासारखं. आणि कडेला पदर आला. पदराच्या आत कपाळ आलं.

आक्काने मोजणं सोडलं नाही. कागद उचलला, दुसऱ्या ट्रेत, तिसऱ्या ट्रेत, सगळं अगदी शांतपणे. मग म्हणाली, "लाव दिवा."

मी दिवा लावला. ती भिंग घेऊन वाकली. बराच वेळ वाकलेलीच होती. मग भिंग मला दिलं. "काय दिसतं ते सांग. खरं सांग."

या वेळी मला खरंच दिसलं. पंचविशीतली बाई. कपाळ रुंद, गालाची हाडं वर आलेली, एक डोळा उन्हाच्या तिरिपीने बारीक झालेला. तोंड जरा उघडं, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. फोटोवाल्याला काहीतरी ऐकवत असावी. मी तसंच सगळं सांगितलं. दातापाशी मी ओरडलोच. "आक्का, जिंकलीस गं! ही घे तुझी आई!"

ती माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर आनंद नव्हता, दुःखही नव्हतं, रस्ता चुकलेल्या माणसाचं असतं तसं काहीतरी होतं. "दात मलापण दिसला," ती म्हणाली. "म्हणजे ही खरी. हीच असणार." आणि मग अगदी हळू, "पण माका वळख पटणा नाय रे. माका वाटलेला, तोंड बघितल्याबरोबर छातीत कायतरी हलात. काय्येक हलला नाय. कोण बाई ही? तुझ्या मोबाइलातली आठवली की अजून हलता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडले. म्हणालो, "आक्का, माझी चूक झाली गं. मी कशाला त्या फंदात पडलो." आणि मला रडू फुटलं, अठ्ठावन्न वर्षांच्या घोड्याला. ती म्हणाली, "बाजूला हो, कागदावर पाणी पडेल तुझं." मग म्हणाली, "तू चांगल्या मनानेच दिलेलंस. जा आता. तासभर धुवायला हवा हा, नाहीतर दोन वर्षांत पिवळा पडेल." मी दार ओढून बाहेर आलो. आत नळाची बारीक धार लागली होती.

त्या दुपारी खरोखर काय झालं, जिंकली की हरली, हे मी शुभाला सांगू शकलो नाही. आज आम्ही मुलुंडला आहोत, आणि अजूनही मी त्याच तिसऱ्या वाक्याला अडकतो.

ती चाळ सोडून गेली त्या सकाळी टेम्पोत तिचं सामान मी आणि तिच्या भाच्याने चढवलं. पातेली, ट्रे, गाद्या. मजल्यावरच्या सगळ्या बायका खाली उतरल्या होत्या, कुणी ओटी भरली, कुणी डोळे पुसत होतं. आक्का कधीच ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली होती. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तो फोटो, हातात भिंग. भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, मान खाली घालून बघत होती. बायका हाका मारत होत्या. मी खिडकीपाशी गेलो आणि म्हणालो, "आक्का, गाडी निघाली. सगळ्यांना एकदा बघ तरी. वर बघ जरा."

"नंतर," ती म्हणाली. "आधी हिची सवय होऊ दे."

ड्रायव्हरने गिअर टाकला. टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होतो, तिने मान वर केली नाही.